शुक्रवारचा आग्रह

येणार नाही हे पक्कं ठाऊक असलेल्या माणसाला जेवायला येण्याचा आग्रह करू नये, असं आमचा धर्म सांगतो. ती चोरीच म्हणे, समोरच्याच्या मनाची. न वाढलेल्या जेवणाचे आभार आपण खिशात घालतो. न्यू जर्सीतल्या आमच्या सिनेगॉगमध्ये शनिवारच्या वर्गात रॅबाय हे सांगत होते तेव्हा बाकीचे हसले. मी कॉफी घ्यायला उठलो.

आम्ही कोकणातले बेने इस्राएल ज्यू, घरात मराठी. आई ठाण्यात एकटी राहायची. दर शुक्रवारी ऑफिसला ड्राइव्ह करताना मी तिला फोन करायचो; तिकडे शब्बाथचे दिवे लावायची वेळ झालेली असायची.

"आई, इकडेच ये ना कायमची."

"नको रे बाबा, तुमच्या थंडीत माझे गुडघे गोठतील."

मग मी आणखी आग्रह करायचो. तिचा नकार पक्का होता, म्हणूनच माझा आग्रह एवढा मोठा. बायकोनं एकदा विचारलं, "आणि हो म्हणाल्या तर?" मी म्हणालो, "नाही म्हणणार."

मग आई बाथरूममध्ये पडली. हाड शाबूत राहिलं, धीर गेला. त्या शुक्रवारी मी सवयीनं म्हटलं, ये. ती म्हणाली, "येते. गुडघ्यांना सांगते, मोजे घाला."

हायवेवरची माझी एक्झिट चुकली. म्हणालो, व्हिसाचं सध्या फार कडक झालंय, वकिलाला विचारतो. मी इथला सिटिझन आहे. आईला आणणं अवघड नव्हतं. खालच्या खोलीत माझी ट्रेडमिल होती, अडचण म्हणाल तर तेवढीच. वकिलाला मी फोन केलाच नाही.

तिनं एकदाच विचारलं, "काय म्हणाला वकील?"

"वेळ लागेल म्हणाला."

"बरं." पुन्हा तिनं विषय काढला नाही. माझा आग्रहही तिथेच थांबला.

त्या हिवाळ्यात ती गेली. मी पोचेपर्यंत दफन उरकलं होतं. शोकाच्या दिवसांत मी तिच्या घरात जमिनीवर बसलो होतो, तेव्हा शेजारच्या मावशी आल्या.

"किती बोलावलंस रे तिला. सगळ्यांना सांगायची, मुलगा तिकीट काढून बसलाय, मीच जात नाही. लोकरीचे मोजेसुद्धा आणले होते. मग म्हणाली, माझंच मन होत नाही."

घरात शांतता राहावी म्हणून बोललेलं खोटं आमच्यात चालतं. आमच्या ग्रंथातली सारा नवऱ्याला, अब्राहामला, म्हातारा म्हणाली, पण तिचं बोलणं त्याला सांगताना देवानं स्वतःच ते वगळलं. आईचं खोटं त्या जातीचं. चारचौघांत माझी मान खाली जाऊ नये म्हणून बोललेलं. माझ्या खोट्याला असली सवलत कुठल्याच पानावर नाही.

मावशींना खरं काय ते सांगायचं असेल, तर ती वेळ हीच होती. मी म्हणालो, "हो ना. फार हट्टी होती."

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी तो फिरवू दिला.