ओरडणारी पेटी

हे सांगायला दोन मिनिटं पुरली असती. मी दोन वर्षं लावली.

मी पॉलिटेक्निकात पॉवर इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. संतपूरजवळ आमच्या बांधाला लागून ज्या अण्णांचं शेत आहे, त्यांनी विहिरीवर सोलर पंप बसवला. पंप सुरू झाला की त्यांचा रेडिओ खरखरायचा. तेवढं बघा म्हणाले. मी पंपाच्या कंट्रोलरच्या पेटीत, पॅनेलकडून वायरी येतात तिथं, कॉइल आणि कपॅसिटरचा फिल्टर जोडला. रेडिओ स्वच्छ झाला. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं आणि पेटी रेडकासारखी ओरडू लागली.

कारण मला उभ्या उभ्या कळलं. असली पेटी हट्टी असते, ठरलेली वीज घेणारच. व्होल्टेज उतरलं की जास्त करंट ओढते, त्यानं ते आणखी उतरतं, आणि फिल्टर त्या धक्क्यांना झोका देत राहतो. एक रेझिस्टर लावावा, नाहीतर प्रोग्रॅम बदलून पेटीला येणारं व्होल्टेज बघून सबुरीनं ओढायला लावावं. हा प्रश्न मी दर वर्षी परीक्षेत घालतो. पण भोवती पाच-सहा माणसं होती, आणि चूक माझ्या फिल्टरची. ‘बघावं लागेल’ म्हणालो आणि निघालो.

मग भगत आला. अण्णांच्या धाकट्या भावाच्या बायकोची करणी आहे म्हणाला. विहीर दोघा भावांची, तरी तिला तिथं बंदी झाली. पेटी लांब लिंबाखाली न्यायला सांगितलं. घरातली जुनी, बारीक, लांबलचक वायर पॅनेलपासून ओढली. त्या वायरीच्या रेझिस्टन्सनंच झोका मेला आणि पेटी गप्प झाली. झालं, करणी सिद्ध. भगताला शाल दिली, तेव्हा टाळ्या मीही वाजवल्या.

धाकटा भाऊ एकदा पॉलिटेक्निकच्या फाटकाशी आला. बायको दोन शेतं ओलांडून पाणी आणते म्हणाला. मग खाली बघत,

“सर, तुमी शिकलेले. तिनं केलं असंल का खरंच?”

“सांगता येत नाही,” मी म्हणालो.

ते ऐकून तो मान हलवून गेला. ती मान मला वर्गात दिसायची.

गेल्या महिन्यात अण्णांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. पटेना. मग जाड वायर लावून पेटी ओरडवली, प्रोग्रॅम बदलून गप्प केली. पुन्हा ओरडवली, पुन्हा गप्प केली.

अण्णांनी माझ्या हातांकडे बघितलं.

“म्हंजी करणी तुमची व्हती.”

“अण्णा, करणी नव्हे, फिल्टर.”

“व्हय, तेच म्हणायलोय. उगंच त्या पोरीला बोल लावला.”

त्याच दुपारी त्यांनी स्वतः जाऊन तिला विहिरीवर बोलावलं. ती घागर घेऊन आली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

पेटीवर आता नवी लिंबू-मिरची आहे. मी बांध ओलांडायचा नाही, असं ठरलंय. मीही ओलांडत नाही.