सगळ्यांची झाडं असलेला नकाशा

मी हे लिहितोय याबद्दल आधीच माफी मागतो. लिहिणाऱ्या माणसांजवळ सांगण्यासारखं काहीतरी मोठं असतं, निदान भाषा तरी असते. माझ्याकडे दोन्ही बेताचंच. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. वर्गात तोंड उघडायला दुसरं वर्ष उजाडावं लागलं, कारण मधेच ‘आहे’च्या जागी ‘हाय’ येईल ही धास्ती. शिवाय जे सांगायचंय ते एका फाईलबद्दल आहे. ती संगणकावर उघडत नव्हती, मग उघडली. एवढंच. पण ती उघडावी म्हणून आमची अख्खी वाडी जीव टांगून बसली होती, आणि हे दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही.

आमची वाडी कर्जत तालुक्यात, कडावच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. खाली भाताची खाचरं, वर जंगल. वाडीची विहीर होळी झाली की तळाला जाते. मग बायका डोंगरातल्या झऱ्यावर जातात. झरा कधी आटत नाही, पण वाट अशी आहे की भरला हंडा घेऊन उतरताना पाऊल आधी चाचपायचं आणि मग टाकायचं. माझी आई तिथेच घसरली होती. तेव्हापासून तिचा एक गुडघा नीट वाकत नाही. तरी ती जाते, कारण न जाऊन कसं चालेल?

मी खालापूर तालुक्यातल्या एका कॉलेजात सिव्हिलला होतो. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प निवडायचा होता तेव्हा मुलांनी उड्डाणपूल घेतले, टॉवर घेतले. मी गप्प बसलेला पाहून आमच्या मॅडम म्हणाल्या, “तुला जे डोळे मिटून दिसतं ते कर.” मला झरा दिसत होता. तो वाडीपेक्षा बराच उंचावर आहे. त्याच्यापाशी लहानशी टाकी बांधून पाईप टाकला तर पाणी पंपाशिवाय आपलं आपण खाली येईल. हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतंच, फक्त कागदावर कुणी मांडलं नव्हतं.

मी आणि बाबा कर्जतला पाण्याची कामं बघणाऱ्या कार्यालयात गेलो. तिथे एक आरेखक होते, नकाशे काढणारे, पन्नाशीचे. माझा हाताने काढलेला नकाशा त्यांनी आस्थेनं पाहिला आणि बाजूच्या ढिगाकडे बोट दाखवलं.

“हे सगळं मला संगणकावर, कॅडमध्ये परत काढायचंय, भाऊ. तुझा कागद याच्या खाली जाणार. तू शिकतोयस ना? मग फाईलच आणून दे. मी लगेच अंदाजपत्रक लावतो. या वर्षीच्या आराखड्यात बसलं तर बसलं, नाहीतर पुढच्या वर्षी.”

बाबा बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, “पुडल्या वर्सी म्हंजे तुजी आय अजून एक उनाळा वर जानार.”

मॅडमनी कॉलेजचं उंची मोजायचं यंत्र मिळवून दिलं. बाबांनी खुणांची उंच पट्टी धरली, आणि आम्ही झऱ्यापासून खाली मोजत आलो. मागून वाडी. कुणी झुडपं तोडायला, कुणी नुसतं बघायला. शेजारची काकी, जिला वाडीत सगळे वचकून असतात, पहिल्याच दिवशी यंत्राला डोळा लावून म्हणाली, “अरं, ह्यात तुजा बा उलटा का दिसतो?”

“जुनं यंत्र आहे, काकी. उलटंच दाखवतं.”

“मग बराबर हाय. तो तसाच हाय.”

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ओढ्यावर सगळे मिळून मासे धरतात तेव्हा वाटे घालतात. जितकी घरं तितकी पानं मांडायची. ज्याच्या घरातून कुणी आलं नाही, त्याचंही पान मांडायचं. वाटा लहान असेल, पण पान चुकवायचं नाही. पान चुकलं तर ते भांडण नातवंडांपर्यंत जातं.

नकाशाचंही तेच झालं. पाईपची वाट दाखवताना मी खूण म्हणून एका घराजवळचा आंबा दाखवला. तो माझ्या लॅपटॉपवर कुणीतरी पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून माणसं येऊ लागली. “आमचा आंबा कुटं हाय?” “आमची चिंच नाय घेतली का रं?” मी नाही म्हणू शकलो नाही. खरं सांगायचं तर नाही म्हणावं असं मनातही आलं नाही. ज्याचं घर, त्याचं झाड. मी इंटरनेटवरून एक देखणं झाड उतरवून घेतलं, पान न् पान रेषांनी काढलेलं. ते कॉलेजच्या लॅबमध्ये बसून एकेका घरापाशी लावत गेलो. मग छापून आणलेला कागद बघून कुणाला फांदी छपरावरून काढून हवी, कुणाला खोड वाकडं हवं, काकीला फणसाला फणस लागलेले हवेत. त्यासाठी प्रत्येक झाड मोडून त्याच्या सुट्या रेषा केल्या आणि हातानं दुरुस्त केल्या. वाडी खूश होती. मीसुद्धा.

कॉलेजच्या लॅबमध्ये सगळे संगणक नवे आहेत, विंडोज नवी, कॅडही नवं. तिथे तो नकाशा क्षणभर थबकायचा आणि उघडायचा. मॅडमनी उंचीचे आकडे तपासले आणि म्हणाल्या, “दे नेऊन.”

मी पेन ड्राइव्ह घेऊन कर्जतला गेलो. आरेखकांनी तो लावला. पहिल्यांदा संगणकानं सांगितलं की ही फाईल नव्या आवृत्तीची आहे, मला वाचता येत नाही. हे मला सुचायला हवं होतं. पुन्हा खोपोलीच्या टमटममध्ये बसलो, लॅबमध्ये जाऊन फाईल जुन्या आवृत्तीत साठवली, आणि दुसऱ्या दिवशी परत आलो. या वेळी फाईल उघडायला लागली. पडद्यावर डोंगराच्या उंचीच्या रेषा आल्या, झरा आला, वरचं एक घर आलं, आणि मग पडदा पांढरा पडला. मेमरी पुरत नाही, असा संदेश. आरेखकांनी संगणक बंद करून चालू केला. पुन्हा तसंच, त्याच घरापाशी.

“हा संगणक माझ्यापेक्षा सीनियर आहे, भाऊ,” ते म्हणाले. “याची विंडोज जुनी, बत्तीस बिटवाली. हिच्यात कॅडला थोडीच मेमरी मिळते, वरून कितीही घाला. तू पाईप आणायचा तर जंगल कशाला आणलंस?”

मला हसू आलं नाही. त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं. आराखडा सोमवारी वरच्या कार्यालयात जाणार होता. “सोमवारी सकाळपर्यंत उघडणारी फाईल दे. मग मी बघतो.”

परत येताना मी कारण शोधत होतो आणि कारण मला आधीच माहीत होतं. नकाशात डोंगर, घरं, टाकी, पाईप मिळून जेवढ्या रेषा होत्या, त्याच्या कितीतरी पट रेषा एकट्या काकीच्या फणसात होत्या. झाडं काढली की नकाशा हलका होणार होता. पण झाडं काढली असं वाडीत सांगायचं कुणी?

मीच सांगितलं. काकीच्या ओट्यावर माणसं जमली होती, काही बायका तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, “हापिसातला संगणक जुना आहे. त्याला एवढी झाडं पेलत नाहीत. काढावी लागतील.”

काकीनं सूप खाली ठेवलं. “माजा फनस काडनार?”

“सगळ्यांचीच काढणार, काकी.”

“मग पाईप पन माज्या दारावरनं नको. फनस नाय तर पाईप नाय.”

“असं काय करते गं,” पलीकडून कुणीतरी म्हणालं. “पानी फनसातून येनार हाय का?”

“तुज्या आंब्याचं काय ग्येलं? तो आदीच वाळलाय!”

हशा झाला, आणि हशात माझं भय थोडं कमी झालं. मी लॅपटॉप उघडला. तो दहिवलीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानातून घेतलेला, कुणीतरी टाकून दिलेला, जुनाच. त्याच्यावर मी एक साधा गोल काढला आणि मधे खोडासाठी फुली मारली. “प्रत्येक घराला हे एक झाड. खाली नाव लिहितो. आंबा, चिंच, फणस, जे असेल ते.”

“हा गोळा म्हंजे माजा फनस?”

“होय.”

“आनि तिचा आंबा?”

“तोही एवढाच गोळा.”

काकीनं पडद्यावरचा गोळा बोटांनी मापला. “माज्याहून मोटा नाय ना?”

“एका केसाचाही फरक नाही.”

“मग चालंल,” ती म्हणाली आणि सूप उचललं.

मला तेव्हा जे समजलं ते कुठल्या तासाला इतकं स्वच्छ समजलं नव्हतं. कॅडमध्ये एखादी आकृती एकदा बनवून ठेवली आणि तीच जागोजाग मांडली, तर संगणक ती एकदाच लक्षात ठेवतो. बाकी ठिकाणी फक्त ‘तीच, इथे’ एवढी नोंद. मी प्रत्येक झाड मोडून वेगळं केलं तेव्हा संगणकाला प्रत्येकाचं पान न् पान पाठ करावं लागलं. सगळ्यांना सारखं दिल्यावर त्याचा भारच उतरला. आमच्या वाटे घालण्यात एवढं शहाणपण असेल असं मला वाटलं नव्हतं. कदाचित मी जास्त ताणतोय. पण मला तसं वाटलं.

मग लॅबमध्ये जाऊन मी झाडांच्या जागी गोल मांडले आणि फाईलमध्ये पडून राहिलेला सगळा कचरा काढला, न वापरलेली चिन्हं, रिकामे थर. सगळ्यात जुन्या आवृत्तीत साठवली. आणखी एक अडचण निघाली. झाडांची मराठी नावं जुन्या विंडोजवर रिकामे चौकोन होऊन येणार होती. ज्या फॉन्टमध्ये मी लिहिलं होतं तो तिथे नव्हताच. नावं गेली तर काकीला तोंड दाखवता आलं नसतं. शेवटी प्रत्येक नाव मी अक्षरांऐवजी रेषांनी काढलं, शाळेत पाटीवर गिरवावं तसं. काना, मात्रा, वेलांटी, सगळं. त्यात रविवार गेला, पण रेषांना फॉन्ट लागत नाही.

आणि तपासायचं कसं? इथे मला माझ्या लॅपटॉपचा पहिल्यांदा अभिमान वाटला. वर्गात त्याला ‘आजोबा’ म्हणत. तो चालू होईस्तोवर चहा पिऊन यावा, अशी थट्टा. पण त्याच्यावर तीच जुनी विंडोज होती, तेच जुनं कॅड, तेवढीच मेमरी. लॅबमधल्या चकचकीत संगणकांवर फाईल उघडली याला काही अर्थ नव्हता. आजोबांवर उघडली तर ती तालुक्यात कुठेही उघडणार होती. मी फाईल उघडली. झरा आला, वरचं घर आलं, त्याच्या पुढचं आलं, आणि पाईपची निळी रेघ थेट वाडीच्या खालच्या टोकापर्यंत उतरली. बाबा मागे उभे होते. “थांबला नाय,” ते म्हणाले.

पुढे वर्गातली दोघं-तिघं आपापल्या फाईली तपासायला माझ्याकडे आली. कुठल्याशा ठेकेदाराकडे जुना संगणक होता आणि त्यांचे नकाशे उघडत नव्हते. मी काय काढायचं, काय मोडायचं नाही, ते सांगत गेलो. सांगताना दोनदा ‘हाय’ आलं. कुणी हसलं नाही.

त्या सोमवारी कार्यालय उघडायच्या आधी मी दारात होतो. आरेखकांनी पेन ड्राइव्ह लावला आणि मुद्दाम खुर्ची मागे सरकवून बसले, फार वेळ लागणार असल्यासारखे. लागला नाही. त्यांनी नकाशा जवळ घेतला, लांब नेला. गोल बघून विचारलं, “ही काय भानगड?”

“झाडं. प्रत्येक घराचं एक.”

“राहू दे,” ते म्हणाले. “पाईप कुठून न्यायचा ते खोदणाऱ्याला यानंच कळेल.” त्यांनी फाईल आपल्या संगणकात घेतली. “आता वरचे साहेब काय म्हणतात ते बघू. कळवू.”

कळवू, या शब्दावर आम्ही पुढचे महिने काढले. परीक्षा झाली. प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, “हे प्रत्यक्षात होणार आहे का?” आणि मला “माहीत नाही, सर” म्हणावं लागलं. उन्हाळ्यात आई वर जातच राहिली. लावणी झाली, भात पोटरीला आलं. मी दोनदा कर्जतला जाऊन आलो. आरेखकांची बदली झाली होती. नवीन माणसाला काही ठाऊक नव्हतं. मी वाडीत गेलो की काकी विचारायची, “उगडली का रं फाईल?” आणि मी म्हणायचो, उघडली, पण साहेबांनी बघायचीय.

मग एका दुपारी मी एका बांधकामावर उमेदवारी करत होतो, तेव्हा बाबांचा फोन आला. वाडीच्या वर एक मोठा दगड आहे, त्याच्यावर चढल्याशिवाय रेंज येत नाही. त्यामुळे बाबांना धाप लागली होती आणि वारा जोरात ऐकू येत होता.

“ग्रामसेवक आलते,” ते म्हणाले. “कागद घेऊन. आपली पान्याची लाईन मंजूर झाली. झऱ्यावरची टाकी पन.”

मागे काँक्रीटचा मिक्सर गरगरत होता, म्हणून मी फोन घेऊन बाजूला पळालो. त्यांना वाटलं फोन कटला.

“ऐकतोस ना? नकाशा तू काडलास तसाच पास झालाय म्हनाले, कायबी बदललं नाय. दिवाळी झाली की खोदाई.”