दोष गाडीचा की बाबांचा

बाबांची गाडी चालताना ठणठणीत असायची, पण सिग्नलला थांबली की बंद पडायची. एका रविवारी कळंबोलीच्या सिग्नलला ती अशीच बंद पडली आणि मागचा कंटेनर डिकीला नाक लावून, हॉर्न दाबून उभा राहिला. त्या दिवशी आई आमच्या करंजाड्याच्या फ्लॅटवर आली आणि चहा नको म्हणाली. आई चहा नाकारते तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

बाबा पंचाहत्तरीला टेकलेले. कोपरखैरण्याहून आईला घेऊन दर रविवारी माझ्याकडे येणं हा त्यांचा आठवड्यातला एकमेव दौरा, आणि ते त्याला दौराच म्हणतात. टॅक्सीनं या, असं मी कितीदा सुचवलं. पण टॅक्सीतून उतरतो तो पाहुणा आणि स्वतःच्या गाडीतून उतरतो तो बाप, असं त्यांचं काहीसं शास्त्र आहे.

"बाबा, गाडी बंद पडत नसेल. तुम्ही पाडत असाल," मी म्हटलं.

"मी गाडी शिकलो तेव्हा वाशीला एकच पूल होता," बाबा म्हणाले.

हा त्यांचा सगळ्यावरचा युक्तिवाद. त्याला उत्तर नसतं, कारण त्याचा मुद्द्याशी संबंध नसतो. पण त्या दिवशी ते पुढे बोलले. "ठीक आहे. तपासू. गाडीत दोष निघाला नाही, तर किल्ली तुझी." तुर्भ्याच्या कारखान्यात ते वर्षानुवर्षं युनियनशी वाटाघाटी करत होते. आवाज तोच होता.

सर्व्हिस सेंटरमध्ये काचेची केबिन होती, कॉफीचं मशीन होतं आणि टाय लावलेला एक तरुण होता. त्यानं गाडीला वायर जोडली, स्क्रीनकडे डॉक्टरी चेहऱ्यानं पाहिलं, एक माणूस पाठवून गाडी फिरवून आणली आणि सांगितलं, "सिस्टिममध्ये फॉल्ट नाही. ड्राइव्हही ओके आहे." मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मॅडम, एज फॅक्टर असू शकतो."

बाबांचे कान एज फॅक्टरमधून सुटलेले आहेत. त्यांनी तिथेच किचेनमधून घराची चावी काढून खिशात टाकली आणि गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. भाषण केलं नाही. त्यांनी भाषण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी मीच त्यांची गाडी घेऊन त्यांना आणायला गेले. बाबा माझ्या शेजारी, आई मागे. बेलापूरला सिग्नल लागला. बाबांनी श्वास रोखला आणि मान किंचित तिरकी करून इंजिनाला कान लावला. इंजिन गुरगुरत राहिलं. पुढच्या सिग्नललाही तेच, त्याच्या पुढेही तेच. इतकी वर्षं ज्या गाडीला त्यांनी स्वतःच्या हातानं पुसलं, ती ऐन वेळी साक्ष फिरवत होती. बाबा सीटमध्ये खाली खाली सरकत होते. खारघर जवळ आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ही एकदाची बंद पडावी असं मलाही वाटायला लागलंय.

तेवढ्यात मागून आई म्हणाली, "तू गियर काढत नाहीस का गं?"

"कुठे?"

"पुलावरून उतरताना. हे तर वरूनच न्यूट्रल करतात. मग गाडी आपली घरंगळत सिग्नलपर्यंत जाते."

बाबा खिडकीतून बाहेरच्या पाट्या वाचू लागले.

"पेट्रोल वाचतं," अखेर बाबा म्हणाले. "सगळेच करतात."

"कोण सगळे?"

"आमच्या वेळचे."

पुढच्या पुलाच्या उतारावर मी गियर काढला. एसी चालू होता. गाडी खरोखरच घरंगळली. सिग्नलपाशी मी ब्रेक दाबला, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा खाली आला, गाडीच्या अंगावर एक शहारा उठला आणि इंजिन बंद पडलं. मागून हॉर्न सुरू झाले.

"बघ," बाबा म्हणाले. "पडली." एवढं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं. हॉर्न वाजवणाऱ्यांकडे ते मागे वळून असे बघत होते, जणू सगळे अभिनंदनाला आलेत.

मग गाडी कोपरखैरणे गावातल्या गॅरेजात नेली. तिथला मालक हा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, गळ्यात साखळी घालून, गाडीला हात न लावता निदान करणारा माणूस. बाबांना तोडीस तोड वक्ता भेटला. त्याच्या माणसानं हवेचा पाइप काढला, तर आत हवा सोडणाऱ्या थ्रॉटलच्या चकतीभोवती काजळीचा थर. अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन तिथल्या बारीक फटीतून श्वास घेतं, आणि ती फटच बुजत आली होती. गाडी गियरमध्ये असली की चाकं इंजिनाला फिरवत ठेवतात. न्यूट्रलमध्ये त्याला स्वतःच्याच श्वासावर जगावं लागतं. नुसत्या उभ्या गाडीत ते कसंबसं तगतं, पण घरंगळत येऊन ब्रेक दाबला आणि वर एसी चालू असला की त्याचा दम संपतो.

"म्हणजे दोष गाडीचा," बाबा माझ्याकडे बघून म्हणाले.

"कचरा गाडीचा हाय, काका. न्यूट्रल तुमचा," मालक म्हणाला. "आनि पेट्रोल कसलं वाचवताव? या नव्या गाड्या गियरमदी उतरल्या तर पेट्रोल पीतच नाय. न्यूट्रलमदी पितात."

बाबांनी यातलं पहिलं वाक्य ऐकलं. बाकीचं त्यांच्या कानांपर्यंत पोचलं नाही. एज फॅक्टर असावा.

स्प्रे मारून, फडक्यानं पुसून चकती चकचकीत झाली. बाबांनी पुलाच्या उतारावरून गाडी स्वतः नेऊन, सिग्नलला थांबवून दाखवली. इंजिन चालू राहिलं. करारात शब्द दोष निघण्याचा होता, आणि दोष निघाला होता. मी किल्ली परत दिली. त्यांनी घराची चावी पुन्हा तिच्या शेजारी अडकवली, आणि या वेळी भाषण केलं.

आता दौरा पूर्ववत सुरू आहे. फक्त पुलाचा माथा आला की बाबांचा डावा हात सवयीनं गियरकडे जातो, आणि तिथे आईचा उजवा हात आधीच ठेवलेला असतो. परवा माझ्या शेजारणीनं पुलावर बाजूच्या रिक्षातून त्यांना तसं येताना पाहिलं. म्हणाली, या वयात अजून हातात हात घालून फिरतात गं.

आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "वाटू दे. मी हात काढला की हे न्यूट्रल करतात."