दत्तूकाकाला तसं वाटतं

माझ्या तोंडून निघाली नाही अशी एकही गोष्ट ग्वाल्हेरच्या लष्कर भागात शिल्लक नाही, असं माझे मित्र म्हणतात. चूक आहे. एक शिल्लक आहे. बायकोला ती सांगितली नाही. अण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, सांगायची गरज नव्हती — तो शेजारीच उभा होता. बाकी कुणी विचारलं नाही. तुम्हीही विचारलेलं नाही, पण आलाच आहात तर बसा जरा.

आधी माझी ओळख, म्हणजे पुढे फसवलं म्हणायला नको. मी फेकतो. लहानपणापासून. दौलतगंजातल्या गच्चीवरून मी उडवलेला पतंग आग्र्याच्या एका न्हाव्याने काटला, आणि मांजाबरोबर माझी एक मिशीही गेली — ही गोष्ट मी मिशी फुटायच्या आधीपासून सांगत आलो आहे. संस्थान गेलं, मध्यभारत झाला, आणि सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला नि उन्हाळ्यात इंदूरला बसायला लागलं, तेव्हा तर मला रानच मोकळं मिळालं. मी सचिवालयात कारकून. फायली पेट्यांत भरायच्या, आगगाडीत चढवायच्या, तिकडे उतरवायच्या, आणि धूळ बसायच्या आत परत आणायच्या. एकदा गठ्ठ्यात आमचा झोपलेला हेडक्लार्कच बांधला गेला, इंदूरवाल्यांनी त्याच्यावर आवक क्रमांक टाकला आणि नियमाप्रमाणे कपाटात ठेवून दिला, असं मी सांगायचो. लोक पोट धरून हसायचे. एकटा दत्तूकाका हसायचा नाही. तो विचारायचा, "मग त्याला जेवायला कोण देत होतं?"

तर हा दत्तूकाका. वडिलांचा धाकटा भाऊ. लहानपणी त्याला मोठा ताप आला, आणि ताप गेला तो बरोबर काहीतरी घेऊनच गेला. काय घेऊन गेला? पैसे मोजणं नेलं. घड्याळ नेलं. सदऱ्याची बटणं नेली — रोज एक बटण खाली, एक काज वर, आणि मधे पोटाची खिडकी. वार कोणता हे त्याला कधी कळलं नाही. पण काय नेलं नाही तेही सांगायला हवं. आपल्याला काय हवं आणि काय नको, हे त्याला आमच्या घरात सगळ्यांपेक्षा स्वच्छ कळायचं. वांगं नको म्हणजे नको. ताटात आलं तर उचलून शेजारच्या ताटात, मग तिथे पाहुणा बसलेला असो की व्याही. रोज सकाळी तो नया बाजारात हरप्रसाद हलवायाच्या फळीवर जाऊन बसायचा. काम काही नाही. गिऱ्हाइकाला सांगायचा, "ये वाली मत लो, सुबह की है." हरप्रसाद कपाळाला हात लावायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याची जागा पुन्हा पुसून ठेवायचा.

मला त्याने खांद्यावर वाढवलं. माझ्या सगळ्या थापांचा पहिला श्रोता तोच. आणि गंमत बघा — त्याला स्वतःला एक थाप मारता यायची नाही. वाढवणं म्हणजे काय हेच त्याला माहीत नव्हतं. पाहिलं तेवढं सांगायचं, पुढे गप्प. हे आम्हाला घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मला तर सगळ्यांत जास्त.

सांगतो. जरा दम घेऊ द्या.

राज्यांची पुन्हा मोडजोड झाली, मध्यभारतही गेला आणि राजधानी भोपाळला ठरली. या खेपेला पेट्या परत यायच्या नव्हत्या. अण्णाची बदली भोपाळला, माझी भोपाळला. दौलतगंजातलं घर विकायचं ठरलं. घर आजोबांचं, म्हणून कागदावर आम्हा दोघांबरोबर काकाचंही नाव. आणि काका सही करेना.

"तुम्ही जा ना," तो म्हणाला. "मी कुठे अडवून ठेवलं? मी खालच्या खोलीत राहीन. हरप्रसाद रोटी देतो म्हणालाय."

"आणि आजारी पडलास म्हणजे?" अण्णा म्हणाला.

"तर पडेन. भोपाळला काय कोणी आजारी पडत नाही?"

महिनाभर हेच. मी गोडीने सांगितलं. भोपाळच्या तळ्यातले मासे संध्याकाळी काठावर येऊन रामराम करतात, असंही सांगितलं. त्याने विचार केला आणि म्हणाला, "चांगलं आहे. तू बघून ये, मग मला सांग."

शेवटी अण्णा मला म्हणाला, "विन्या, तो काय ठरवणार? त्याला मंगळवार-बुधवार कळत नाही." आम्ही वकील गाठला. वकिलाने दरख्वास्त लिहिली — दत्तात्रय यांची बुद्धी ठिकाणावर नाही, स्वतःचं आणि मालमत्तेचं भलं-बुरं त्यांना ठरवता येत नाही, सबब पालक नेमावा. पालक म्हणून नाव माझं. का माझं? कारण काका माझं ऐकतो, असं सगळे म्हणत. आणि मला तो हवाही होता हो, भोपाळला. घराचे पैसे हवे होते तसाच काकाही हवा होता. किती कशासाठी, ते वेगळं काढून दाखवता आलं असतं तर हे सांगायला बसलो नसतो.

कोर्टात जज्जसाहेब नवे होते, जबलपूरकडून नुकतेच बदलून आलेले. माणूस सज्जन. काकाला पिंजऱ्यात उभं केलं नाही. जवळ खुर्ची दिली, पाणी दिलं. बटणांकडे बघितलं, पण बघितल्यासारखं दाखवलं नाही.

"ये लोग कहते हैं, आप अपना भला-बुरा नहीं समझते."

"थोड़ा समझता हूँ," काका म्हणाला. "पूरा तो ये विन्या भी नहीं समझता."

जज्जसाहेब हसले. वार विचारला, तो चुकला. डझनात किती, तेही चुकलं. आता राज्य कुणाचं, म्हटल्यावर तो म्हणाला, "वो तो आप लोग रोज बदलते हो." मग त्यांनी विचारलं की, भोपाळला का जायचं नाही?

काकाने पाण्याचा पेला खाली ठेवला. म्हणाला, "साहब, मैं रास्ता भूल जाता हूँ. यहाँ भूल जाऊँ तो कोई भी घर छोड़ देता है. वहाँ कौन छोड़ेगा?"

जज्जसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. वकिलाने माझ्याकडे पाहिलं. दरख्वास्त बुडाली, हे त्यालाही कळलं आणि मलाही. आणि खरं सांगू? पोटातून मला जरा अभिमानच वाटला. आमचा काका, म्हटलं.

तेवढ्यात जज्जसाहेबांनी, सहज, निरोपाचं बोलावं तसं विचारलं, "पहले कुछ काम करते थे?"

"जी. महल में. रेल पोंछता था."

"रेल? महल में?"

"टेबल पर. चांदी की. खाने की टेबल पर चलती थी."

"अच्छा. और उसमें बैठता कौन था?"

"इतनी छोटी में कौन बैठेगा साहब? उसमें दारू बैठती थी."

जज्जसाहेबांचा चेहरा बदलला. रागाने नाही — दयेने. ते वाईट असतं.

तुम्ही ग्वाल्हेरचे नसाल तर तुम्हालाही हे माझंच पिल्लू वाटेल. नाही. ही गोष्ट खरी होती. राजवाड्यात मेजवानीच्या टेबलावर रूळ घातलेले होते, त्यांवरून चांदीची लहानशी आगगाडी फिरायची, दारू आणि सुका मेवा घेऊन. समोर आल्यावर पाहुण्याने बाटली उचलली की गाडी थांबायची, परत ठेवली की चालू. सगळ्या लष्कराला हे माहीत. आजोबा मुदपाकखान्यात, राजाच्या स्वयंपाकघरात, नोकरीला होते. त्यांनी काकाला तिथे लावून दिलं होतं. मेजवानीच्या आधी मऊ फडक्याने रूळ पुसायचे. वर्षानुवर्षं त्याने ते केलं. लहानपणी मी ते फडकं पाहिलं आहे. त्याला चांदीचा काळा डाग असायचा.

आता गंमत बघा. उभ्या जन्मात मी जितक्या थापा मारल्या त्यांतली एकही या खऱ्या गोष्टीच्या पासंगाला पुरणार नाही. आणि आमचा वकील, पिढ्यान्‌पिढ्यांचा लष्करचा, छताकडे बघत होता. अण्णा बुटांकडे बघत होता. हरप्रसाद बाहेर व्हरांड्यात द्रोणात कचोरी घेऊन उभा होता. त्याला कुणी आत बोलावलंच नव्हतं. जज्जसाहेबांनी मला पुढे घेतलं, शपथ दिली आणि विचारलं, "ये जो कह रहे हैं, सच है?"

काय सांगायचं होतं मला? काही रचायचं नव्हतं, काही जोडायचं नव्हतं. "जी" म्हणायचं होतं. एक अक्षर.

मी म्हणालो, "हुज़ूर, उन्हें ऐसा लगता है."

झालं. हेच ते.

किती सभ्य वाक्य आहे, नाही? मायेचंसुद्धा वाटतं. धड खोटंही म्हणता येत नाही त्याला — नाही, हे मी बोलणार नव्हतो. पुसा ते. खोटं होतं.

काकाने माझ्याकडे पाहिलं आणि तो हसला. त्याला वाटलं, ही विन्याची सुरुवात आहे. आता विन्या त्या गाडीला आणखी दोन डबे जोडेल, इंजिनावर हत्ती बसवेल. तो वाट बघत राहिला. मी खाली बसलो. जज्जसाहेब लिहायला लागले, आणि लेखणीचा आवाज सुरू झाल्यावर त्याचं हसू हळूहळू, कुठे ठेवावं ते न कळल्यासारखं, गेलं.

पालक मी झालो. परत येताना टांगा सराफ्यातून निघाला. काका मांडीवर द्रोण घेऊन बसला होता, खात नव्हता. म्हणाला, "विन्या, ती गाडी होती ना रे?"

त्या वेळी तरी सांगता आलं असतं. टांग्यात कोण ऐकणार होतं? मी म्हणालो, "सोड ना काका. झालं आता."

भोपाळला त्याला काही कमी पडलं नाही. मी रोज त्याची बटणं लावली, केस विंचरले, रविवारी तळ्यावर नेलं. माझ्या बायकोने त्याला सासऱ्यासारखं केलं. मुलं त्याच्या अंगाखांद्यावर वाढली. थोरलीने एकदा शाळेत कुणाकडून तरी ऐकलं आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही चांदीची गाडी बघितली होती?"

"मला तसं वाटतं बेटा," तो म्हणाला. "विन्याला विचार."

पुढे सगळ्यालाच तसं झालं. ऊन आहे, असं मला वाटतं. भूक लागली, असं मला वाटतं. चहा की दूध, असं कुणी विचारलं की तो आधी माझ्याकडे बघायचा. ताटात चुकून वांगं वाढलं गेलं त्या दिवशी त्याने ते हातात धरलं, माझ्याकडे पाहिलं, मी कुणाशी तरी बोलत होतो — मग त्याने ते खाल्लं. बायको कौतुकाने म्हणाली, "काका किती शहाणे झाले हो इथे येऊन."

शेवटच्या आजारात डॉक्टर घरी आले. मोठा मृदू माणूस. कॉटवर बसून त्यांनी काकाचा हात हातात घेतला आणि विचारलं, "कहाँ दर्द हो रहा है, दादा?"

काकाने माझ्याकडे पाहिलं.

ते थांबले. मीही थांबलो. काका वाट बघत होता. मी म्हणालो, "पेट में."

काकाने मान हलवली. डॉक्टरांनी पोट तपासलं, औषध लिहून दिलं.

खरं कुठे दुखत होतं, ते मला माहीत नव्हतं.