खंडेनवमीची फ्लॉपी

सत्त्याण्णव साल. मी बावन्न वर्षांचा, शिक्षण चौथी, तीही मास्तरांच्या मेहेरबानीने. तारापूरच्या एका कारखान्यात स्टोअरला शिपाई होतो. त्या वर्षी स्टोअरमध्ये कंप्युटर आला आणि तो चालवायला साताऱ्याकडच्या एक बाई आल्या. सरावलीत खोली घेऊन राहायच्या. तीन महिने काम बघू, मग कायम करू, असं साहेबांनी त्यांना सांगितलं होतं.

खंडेनवमीला कारखान्यात सगळ्या मशिनींची पूजा व्हायची. कंप्युटरची पूजा माझ्याकडे आली. मी कोळ्याचा. आमच्यात होडीची पूजा असली की वल्हं, नांगर, दोर, सगळं आधी होडीत चढवतात. काही किनाऱ्यावर राहिलेलं चालत नाही. बाईंच्या खणात एक काळी चौकोनी फ्लॉपी होती. कंप्युटर अडलाच तर तिच्यावरून चालू करायला म्हणून कंप्युटरवाल्याने दिलेली. कंप्युटरचीच वस्तू आणि पूजेला बाहेर? मी तिला हळदकुंकू लावलं आणि कंप्युटरच्या डब्याला होती त्या खाचेत सरकवून दिली. बाई तेव्हा तिकडे पेढे वाटत होत्या.

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी बाईंनी कंप्युटर चालू केला. रोज रंगीत पडदा यायचा आणि त्यावर छोटी छोटी चित्रं. आज नुसता काळाकुट्ट पडदा. कोपऱ्यात एक पांढरं अक्षर, आणि त्याच्यापुढे एक रेघ डोळे मिचकावत होती.

बाईंनी बंद करून परत लावला. तेच. इलेक्ट्रिशियनने वायरी काढून घातल्या. तेच. एक हमाल डोकावून मला म्हणाला, "मामा, इसका टीवी उड़ गया."

साहेब आले. "मॅडम, काय पुसून टाकलंत?"

"सर, मी काहीच केलं नाही."

"मग चित्रं काय सीमोल्लंघनाला गेली?"

सगळे हसले. बाई सोडून. साहेब गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "मामा, तुम्हाला काही कळतंय का हो?"

"मला नाय तर कोणाला कळनार? सरका."

कळत काहीच नव्हतं. पण होडीचं इंजिन बिघडलं की आम्ही आधी कान लावतो. मी डब्याला कान लावला. "करा चालू." रोज ती खाच एकदा खुरखुरायची आणि गप्प व्हायची. आज घरघरतच राहिली, तिचा दिवा पेटलेला. मला माझं हळदकुंकू आठवलं. कंप्युटर आपलं घर सोडून त्या फ्लॉपीच्याच नादाला लागला होता.

"बाई, जरा पानी आना."

त्या वळल्या तशी मी बटण दाबलं आणि बाहेर आलेली फ्लॉपी सदऱ्याच्या खिशात टाकली. पाणी पिऊन म्हटलं, "आता लावा." सगळी चित्रं हजर, कचऱ्याच्या डब्यासकट.

"मामा, केलंत काय?" परत आलेल्या साहेबांनी विचारलं.

"कान लागतो, साहेब."

इलेक्ट्रिशियनने मला चहा पाजला. हमाल डॉक्टरसाहब म्हणायला लागले. दिवसभर मी छाती काढून फिरलो.

संध्याकाळी साहेब बाईंना म्हणाले, "मामांनी निस्तरलं म्हणून ठीक. पण तुम्ही शनिवारपर्यंतच या." बाई खण रिकामा करायला लागल्या. खिशातली फ्लॉपी मला टोचत होती, पण नुकताच डॉक्टर झालेला माणूस, तोंड उघडेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी आलो. फ्लॉपी परत खाचेत घातली, साहेब गेटमधून शिरताच त्यांना स्टोअरमध्ये घेऊन आलो आणि म्हटलं, "लावा." काळा पडदा आला. मी बटण दाबून ती कुंकवाची फ्लॉपी त्यांच्या हातावर ठेवली.

"ही पूजा माझी हाय. बाईंचा काय संबंध नाय. आनि कान लावून शोधली तीपन मीच, तेवढं ध्यानात ठेवा."