T बदलला, H राहिला

“मॅडम, आणखी किती वेळ?” देवराज सरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

मी त्यांच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात एका स्टुलावर बसले होते. समोर काळा स्क्रीन, हाताखाली फक्त कीबोर्ड. माउस नाही, इंटरनेट नाही.

सकाळी त्यांचं एक सीएनसी मशीन बंद पडलं होतं. सीएनसी म्हणजे लिहून दिलेल्या सूचनांप्रमाणे धातू कापणारं मशीन. पंपाच्या भागांचा पहिला लॉट संध्याकाळच्या ट्रकने जायचा होता. नाही गेला तर पूर्ण ऑर्डर दुसऱ्याला देऊ, असं गिऱ्हाइकाने स्पष्ट सांगितलं होतं. दुसरं मशीन होतं, पण त्यात एक ते बारा नंबरच्या जागांवर वेगळ्याच कामाची टूल्स, म्हणजे कापायची हत्यारं, बसवलेली. मग पंपाची टूल्स एकवीस ते बत्तीसवर बसवली. आता चौसष्ट प्रोग्राम्समधला, T या अक्षरापुढे लिहिलेला प्रत्येक टूल नंबर वीसने वाढवायचा होता. हे प्रोग्राम लिहिणारा माणूस हासनला स्वतःच्या लग्नात बोहल्यावर उभा. मशीनला प्रोग्राम पाठवायचं सॉफ्टवेअर आमच्या कंपनीचं, म्हणून फोन मला.

“हाताने केलं तर दोन दिवस लागतील,” सर म्हणाले.

“स्वल्प थांबा,” मी म्हटलं. माझं कन्नड त्या ‘स्वल्प’पुरतंच.

खरं सांगायचं तर मी खुशीत होते. प्रोग्राम पाठवणाऱ्या आमच्या छोट्या कॉम्प्युटरवर एक जुना टेक्स्ट एडिटर आहे. ऑफिसात मी तो वापरते म्हणून सगळे हसतात. त्यात बटणं नाहीत, मेनू नाहीत. सगळं कमांड टाइप करून. पण “T नंतर जिथे आकडा असेल, तिथे त्यात वीस मिळव” हे त्याला एका ओळीत सांगता येतं. मी आधी सगळ्या फाइल्सची कॉपी ठेवली. कमांड लिहिली, एंटर दाबलं. चौसष्ट फाइल्स, डोळ्याचं पातं लवायच्या आत.

“झालं एकदाचं!” मी स्वतःशीच मोठ्याने म्हणाले.

“काय झालं गं?” मागून मराठीत आवाज आला.

मशीन चालवणाऱ्या काशीअक्का. निळा कोट, कपाळाला चष्मा. सीमेवरच्या अथणीच्या. इतका वेळ आम्ही दोघी मोडक्या हिंदीत बोलत होतो. आधी दोघी पोटभर हसलो. मग त्यांनी चष्मा खाली घेतला.

“दाखव बघू.”

त्या एकेक ओळ बोटाने वाचू लागल्या. पाचव्या-सहाव्या ओळीला बोट थांबलं.

“T बदललीस. मग H कोण बदलणार?”

“H म्हणजे?”

“T म्हणजे हे टूल उचल. H म्हणजे त्याची लांबी अमुक रकान्यातून वाच. टूल एकविसावं आणि लांबी पहिल्याची? आमचं टूल लांब आहे की. सरळ जॉबमध्ये, कापायच्या तुकड्यात घुसतंय बघ.”

एडिटरने काहीच चूक केली नव्हती. मी सांगितलं तेवढंच, अगदी चोख केलं होतं. T आणि H ही जोडी आहे, हे त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

“आणखी काही?”

“D असेल तिथं D पण. त्यात टूलचा घेर असतोय.”

H आणि D साठी पुन्हा एक ओळ लिहिली, एंटर दाबलं. या वेळी अक्कांनी पाच-सहा फाइल्स मधूनमधून उघडायला लावल्या आणि प्रत्येक टूलपाशी मान हलवली. मग जॉब न लावता मशीन हवेतच चालवून पाहिलं. टूल नेमकं जिथे थांबायला हवं तिथेच थांबलं.

“सरी, बरोबर आहे,” म्हणत अक्कांनी हिरवं बटण दाबलं.

पहिला भाग चकाकत बाहेर आला. मापं बरोबर निघाली. देवराज सरांनी तो दोन्ही हातांत धरून खिडकीच्या उजेडात फिरवला आणि सगळ्यांसाठी चहा-बोंडा मागवला. ट्रक वेळेवर गेला.

चहा पिताना मी अक्कांना एडिटरची एक गंमत दाखवली. u दाबलं की शेवटचा बदल मागे जातो. पुन्हा दाबलं की त्याच्या आधीचा.

“मशीनला नाही बघ असलं बटण,” त्या म्हणाल्या.

आता कुठलीही फाइल बदलण्याआधी, ती ज्याच्या मशीनवर चालणार त्याला मी ती दाखवते. कमांडपेक्षा त्यात जास्त वेळ जातो. जाऊ देते.