उभा राहिला असता तर वाचला असता

आमच्या बाबांना सिनेमात घेतलं ते त्यांच्या मिशांमुळे. अभिनय त्यांनी कधी केला नव्हता. रेल्वेच्या ऑफिसातून घरी यायचं, हातपाय धुवायचे, पोहे खायचे आणि रेडिओ लावायचा, एवढाच त्यांचा दिवस. पण मिशा अशा होत्या की दूधवालासुद्धा पैसे मागताना आवाज खाली आणायचा.

राज्य नुकतंच नवं झालं होतं. रायपूर राजधानी झालं आणि ज्याला त्याला काहीतरी मोठं करायची हुक्की आली. कोणी दुकानाच्या पाटीवर 'राजधानी' रंगवून घेतलं, कोणी घराचं भाडं दुप्पट केलं. आणि लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एका भैयाने छत्तीसगढी सिनेमा काढायचं ठरवलं. माझ्या मावसबहिणीच्या लग्नाची कॅसेट त्याच भैयाने काढली होती. ती जुळवताना त्याला पंगतीत जिलेबी खाणारे बाबा दिसले. दुसऱ्या दिवशी तो आमच्या दारात हजर.

"अंकलजी, मालगुजार का रोल है. गाँव का जालिम मालगुजार. आपको कुछ करना ही नहीं है, बस खड़े रहना है."

बाबांनी आईकडे पाहिलं. आई आमच्या वऱ्हाडी बोलीत म्हणाली, "उभं राहाले काय जाते? घरी त बसूनच राहता."

शूटिंग रविवारीच होणार होतं, म्हणजे रजा टाकायची गरज नव्हती. एवढं ऐकल्यावर बाबा तयार झाले. त्यांच्यासोबत मला जायचं होतं. मी तेव्हा कॉलेजात होते. माझं काम एकच: बाबांचा चष्मा सांभाळायचा. मालगुजाराला, म्हणजे गावच्या जमीनदाराला, चष्मा शोभत नाही असं भैयाचं म्हणणं होतं, आणि चष्म्याशिवाय बाबांना हातभर अंतरावरचा माणूस नुसता ठिपका दिसायचा.

हिरो होता रायपूरच्या पंडरी बाजारातल्या एका कापडाच्या ठोक व्यापाऱ्याचा पुतण्या. सिनेमाला पैसा त्याच्या काकांचा होता, त्यामुळे हिरो कोण, हा प्रश्न कोणाला पडला नाही. पोरगा चांगला होता. बारीक, चपळ, केसांना भरपूर जेल लावलेला. मारामाऱ्या बसवायला वेगळा माणूस आणणं परवडत नव्हतं, म्हणून त्या त्यानेच स्वतः बसवल्या होत्या.

शहराबाहेर उरला नावाच्या कारखान्यांच्या भागात एक बंद पडलेली रोलिंग मिल होती, तिच्या आवारात पहिला सीन लागला. बाहेरून ट्रक जायचे आणि आत धुरळा यायचा. भैयाला तो धुरळा फार आवडला, म्हणाला, एकदम गावासारखा वाटतो. बाबा धोतर, कोट आणि हातात तेल पाजलेली लाठी घेऊन उभे. हिरो समोरून चालत येणार आणि बाबा विचारणार, "कहाँ जाबे रे टुरा?" कुठे चाललास रे पोरा, इतकंच.

बाबांनी खणखणीत आवाजात विचारलं. आणि हिरोने हवेत कोलांटी घेतली.

बाबांनी लाठी उचललेली नव्हती. पापणीसुद्धा हलवलेली नव्हती. हिरो त्यांच्या डावीकडे उतरून, एक गुडघा जमिनीवर टेकून, मान वाकडी करून बसला होता. बाबा मात्र उजवीकडे, जिथे कोणीच नव्हतं तिथे, डोळे बारीक करून पाहत होते.

"कट! जबरदस्त!" भैया ओरडला.

बाबा चाचपडत माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "तो काहून उडला? मी त फक्त विचारलं."

"बाबा, तो वाचला."

"कशापासून?"

त्या दिवशी हिरो पाण्याच्या लोट्यापासून वाचला, तोही बाबांनी भलत्याच दिशेला फेकलेल्या. मग खाटेपासून वाचला. एकदा बाबांना खरोखरची शिंक आली, तर तो मागच्या मागे उलटी पलटी मारून पोत्यांच्या थप्पीवर जाऊन बसला. मी ओढणी तोंडात कोंबून बसले होते. बाबांना मात्र हसू येत नव्हतं. ऑफिसात एखादा हिशेब जुळला नाही की ते जसे गप्प होत, तसे गप्प झाले होते. घरी येताना स्कूटरवर मला म्हणाले, "पोट्टा हे शिकला कुठं, ते पाहाले पाहिजे."

मग एका संध्याकाळी त्यांनी हिरोलाच विचारलं. तो एकदम खूश झाला. "चलिए ना अंकल, दिखाता हूँ," म्हणाला आणि आम्हाला समता कॉलनीत घेऊन गेला. तिथे दातांच्या दवाखान्याच्या खाली तळघरात व्हिडिओ गेमचं दुकान होतं. वरून दात कोरायच्या मशीनची घरघर यायची आणि खालून बंदुकांचे आवाज जायचे. पेशंटांचं काय होत असेल, देव जाणे.

हिरोने आपला आवडता गेम लावला. त्यात एक तलवारवाला शिपाई होता. हिरोचा अंगठा त्या एका बटणावरून उठतच नव्हता, त्यामुळे शिपाई चालत असा नव्हताच. तो गोल गोल गडबडा लोळत पुढे जायचा. शत्रू आला की लोळायचा, हे समजण्यासारखं होतं. पण तो पुलावरूनही लोळत गेला. भर बाजारातून, भाजीवाल्यांच्या आणि कोंबड्यांच्या मधून लोळत गेला. राजाने बोलावलं म्हणून दरबारात गेला तोही लोळतच. राजा मात्र शांतपणे त्याला मोहिमेची माहिती देत होता.

"याले चालता येत नाही का?" बाबांनी मला विचारलं.

हिरोला मराठी कळायची. तो म्हणाला, "अंकल, सेफ्टी है. कब कौन मार दे, क्या पता?"

"इधर तो सब टमाटर बेच रहे हैं," बाबा म्हणाले.

मग त्यांनी स्वतः खेळायला घेतलं. खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला, कोणतं बटण कशाचं ते नीट विचारून घेतलं. त्यांचा शिपाई आमच्या कॉलनीतली म्हातारी माणसं सकाळी फिरायला निघतात तसा निघाला. सरळ आणि बेताच्या चालीने. हिरो मागून ओरडत होता, "रोल करो अंकल! तीर आ रहा है, रोल!" बाबांनी शिपायाला एका भिंतीआड उभं केलं. बाण निघून गेले. बाबा पुन्हा चालायला लागले. पुढे एक राक्षस गदा घेऊन उभा होता. बाबांनी त्याला लांबून पाहिलं आणि शिपायाला दुसऱ्या बाजूने वळसा घालून नेलं. राक्षसाने ढुंकूनही पाहिलं नाही. किल्ल्याच्या दरवाजापर्यंत ते न लोळता पोचले आणि तिथे खंदकात पडून मेले.

हिरो टाळ्या वाजवत म्हणाला, "देखा? रोल करते तो पार हो जाते!"

"पडलो ते बटण सापडलं नाही म्हणून," बाबा माझ्याकडे वळून म्हणाले. त्यांना ते फार लागलं होतं. घरी आल्यावरही आईला दोनदा सांगितलं की खंदक अचानक आला.

पुढच्या रविवारी मोठी मारामारी होती. हिरो एकटा आणि मालगुजार लाठी घेऊन. बाबांनी भैयाला विचारलं, "लाठी घुमाऊँ क्या?"

"नहीं नहीं, आप बस सीधी पकड़ के खड़े रहिए. वो खुद बच लेगा."

बाबांनी लाठी समोर सरळ रोखून धरली. पाय रोवून, नाकासमोर नजर ठेवून उभे राहिले. हिरो धावत आला, एक कोलांटी घेतली, जमिनीवर लोळला, दुसरी घेतली आणि शरीराला एक झकास गिरकी देत वर उसळला तो नेमका लाठीच्या खाली. टण्! आवाज असा आला की चहावालासुद्धा किटली ठेवून पाहायला आला.

हिरो खाली बसला. कपाळावर बघता बघता आलूबोंड्याएवढं टेंगूळ आलं.

"काय झालं? लागलं काय कोणाले?" बाबा हवेत विचारत होते. मी धावत जाऊन त्यांना चष्मा दिला. समोरचं दृश्य दिसल्यावर त्यांचा चेहरा पांढरा पडला.

बर्फ कुठेच नव्हता. गेटबाहेर सायकलवर नारंगी बर्फकांडी विकणारा उभा होता. बाबांनीच पळत जाऊन एक कांडी आणली आणि पोराच्या कपाळावर दाबून धरली. नारंगी पाणी त्याच्या नाकावरून ओघळत होतं. तेवढ्यात कोणीतरी फोन केल्यामुळे पंडरीहून काका आले. गाडीतून उतरले तेच तापलेले.

"किसने मारा मेरे बच्चे को?"

बाबा उभे राहिले. हातात वितळणारी बर्फकांडी. हिंदी एरवी त्यांना बरी यायची, पण घाबरले की सगळं वऱ्हाडीच तोंडात यायचं. "मी मारलं नाही जी. लाठी होती तिथंच होती. तो आला."

काकांना एक अक्षर कळलं नाही. ते आणखी लाल झाले. भैयाने घाईघाईने छोटा टीव्ही कॅमेऱ्याला जोडला आणि ते शूटिंग लावलं. आम्ही सगळे भोवती उभे राहून पाहत होतो. पडद्यावर बाबा खांबासारखे उभे. हिरो येतो, उडतो, लोळतो, उडतो, टण्.

काका टीव्हीजवळ वाकले. "फिर से लगाओ," म्हणाले. पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं तेव्हा त्यांचे खांदे हलायला लागले होते. मग त्यांनी रुमाल काढला आणि डोळे पुसत पुसत पुतण्याला म्हणाले, "अरे बेटा, खड़ा रहता तो बच जाता!"

सगळं आवार हसायला लागलं. चहावाला, लाइटवाले, भैया, सगळेच. मीही हसले. हिरो मात्र मान खाली घालून बसून राहिला. काका जाताना भैयाला बजावून गेले, "ये सीन पिक्चर में रहना चाहिए."

त्या दिवशी पुढे काम झालं नाही. निघायच्या आधी बाबा त्या पोराजवळ जाऊन बसले. विचारलं, "बेटा, एक बात बता. जब कोई मार नहीं रहा, तब काहे को उड़ता है?"

तो जरा वेळ टेंगूळ चाचपत राहिला. मग म्हणाला, "अंकल, दुकान में हम सात भाई हैं. मैं सबसे पीछे बैठता हूँ, अस्तर के थानों में. कोई आवाज भी नहीं देता. खड़ा रहूँगा तो मुझे देखेगा कौन?"

बाबांनी लाठी उगाच एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "कल शाम को घर आ. मैं सच में घुमाता हूँ, तू सच में बच."

तो खरंच आला. नंतरही रोज यायचा. आमच्या क्वार्टरसमोरच्या मैदानात बाबा चष्मा लावून लाठी फिरवायचे. लहानपणी गावच्या आखाड्यात ते शिकले होते, हे आम्हाला तेव्हा कळलं. लाठी सूं सूं करत यायची आणि तो पोरगा सुरुवातीला लाठी निघायच्या आधीच दहा फूट लांब पळालेला असायचा. बाबा ओरडायचे, "रुक! आने दे! आने दे उसको!" आई चहा घेऊन बाहेर यायची आणि म्हणायची, "आधी चहा घ्या, मंग मारा एकमेकाले." हळूहळू तो थांबायला शिकला. लाठी अगदी जवळ आली की खांदा नुसता तिरका करायचा, आणि ती त्याच्या शर्टाला वारा घालत निघून जायची.

शेवटच्या मारामारीच्या दिवशी बाबांनी भैयाला सरळ सांगितलं, चष्मा लावूनच मारणार, नाहीतर दुसरा मालगुजार शोधा. भैयाने कपाळावर हात मारला आणि मान्य केलं. म्हणून त्या सिनेमात मालगुजार शेवटच्या दहा मिनिटांत अचानक चष्मा लावतो. का, ते कोणीही सांगत नाही.

ती मारामारी मी श्वास रोखून पाहिली. बाबा खरंच फिरवत होते. पोरगा जागचा फारसा हललाच नाही. मान एवढीशी इकडे, कंबर एवढीशी तिकडे, आणि लाठी दरवेळी रिकामी जायची. आवारात कोणी खोकलंसुद्धा नाही. भैया 'कट' म्हणाला तेव्हा तो दोन क्षण तसाच उभा राहिला आणि मग आनंदाने जी काही कोलांटी घेतली, तशी अख्ख्या सिनेमात दुसरी नाही. कॅमेरा बंद करायचं भैया विसरला होता. तीही सिनेमात गेली.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही तिघं पहिल्या शोला गेलो. थिएटर भरलेलं होतं, त्यात अर्धे पंडरीचे. बाबा पडद्याकडे पाहत होते आणि आई मागे वळून लोकांकडे. टेंगळाच्या सीनला अशा शिट्ट्या पडल्या की पुढचे संवाद ऐकूच आले नाहीत. "वन्स मोर" ओरडणाऱ्यांत हिरोचे काका सगळ्यात पुढे होते. शेवटच्या लाठीच्या वेळी मात्र लोक चिडीचूप. आणि मग ती आनंदाची उडी आली. बाबा माझ्या कानाशी वाकले.

"पाहा, लढाई त संपली. आता काहून उडला?"

आई पलीकडून म्हणाली, "खुशीनं उडला. तुमच्यासारखे सगळेच थोडीच खांब असतात?"

बाबांनी पुन्हा पडद्याकडे तोंड केलं. पण त्यांच्या मिशा हलताना मला अंधारातही दिसल्या.

सिनेमा दोन आठवडे चालला आणि उतरला. भैया पुन्हा लग्नांच्या कॅसेटी काढायला लागला. हिरोला दुकानात पुढच्या गादीवर बसवलं, कारण बायका 'तो टेंगूळवाला' कुठाय म्हणून विचारत यायच्या. ऑफिसात बाबांना लोक मालगुजार साहेब म्हणायचे. वरकरणी त्यांना ते आवडायचं नाही.

आईने सिनेमाची एक सीडी अमरावतीला माझ्या मामाकडे पाठवली. वर हिरोचा उडतानाचा भला मोठा फोटो होता, बाबांचा नव्हता. आठवड्याने मामाचा फोन आला. आईने विचारलं, "पाह्यला का? कसे वाटले हे?"

मामा म्हणाला, "भाषा काही समजली नाही. पण भाऊजी एकदम झकास. आमच्या घरी येऊन उभे राहतात तसेच दिसून राहिले."